नवव्या मतदारसंघाचं काळं कापड

खुर्ची तुम्ही रिकामी ठेवलीत. आणि वर तोंड करून सांगितलंत, की आमच्याच शब्दाखातर ठेवली. राज्याच्या राजधानीतल्या त्या पांढऱ्या खांबांच्या इमारतीत बसून, कोटाला इवलासा झेंडा टोचून, तुम्ही एका अख्ख्या मतदारसंघाची जीभ कापलीत आणि त्याला नाव दिलंत आदर. चोराला निदान पळून जायची घाई असते. तुम्हाला तीही नव्हती. या गोष्टीत तुमचं नाव येणार नाही. नवव्यात, इथे टॅनरी हिलवर, त्याची गरजही नाही. 'गव्हर्नर' म्हटलं की इथली माणसं अजून थुंकायला जागा शोधतात.

आता जे झालं ते ऐका. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

थॅडियस क्रेनशॉ जानेवारीत वारला. वॉशिंग्टनमध्ये, प्रतिनिधीगृहाच्या दाराबाहेर, मतदानाची घंटा वाजत असताना, अंगातला ओव्हरकोट तसाच. नवव्या मतदारसंघातून तो इतकी वर्षं निवडून येत होता की टॅनरी हिलवरच्या अर्ध्याअधिक लोकांनी जन्मात दुसऱ्या कुणाला मत दिलेलं नव्हतं. त्याला माउंट नीबो चर्चमध्ये आणलं त्या दिवशी रस्त्यावर बर्फ होता, आणि बर्फात माणसं उभी होती ती थेट ड्युकेन अव्हेन्यूच्या सिग्नलपर्यंत.

चर्चच्या दारात व्हर्नीस पेटवे उभी होती. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे. आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेली बाई. चर्चमध्ये येणाऱ्यांना जागा दाखवायचं काम करणाऱ्या बायकांची ती प्रमुख. हे काम मुकाट्यानं करायचं असतं. हाताच्या खुणेनं बाक दाखवायचा, रडणाऱ्याच्या हातात पंखा द्यायचा, अंगात आल्यासारखी थरथरणारी बाई पडायच्या आत तिला सावरायचं, आणि प्रार्थना संपेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. बसमध्ये ओरडून ओरडून फाटलेला तिचा घसा इथे विसावा घ्यायचा.

काळं कापडही तिच्याकडेच असे.

माउंट नीबोत तिसऱ्या रांगेच्या कडेला, बाकांपासून सुटी अशी, हातांची एक लाकडी खुर्ची आहे. नवव्याच्या प्रतिनिधीची. शहरात असला की रविवारी तो तिथे बसतो. प्रतिनिधी गेला की त्या खुर्चीवर काळं कापड चढतं, आणि त्याच्या जागी निवडून आलेल्या माणसानं शपथ घेतली की मगच उतरतं. रीत आहे, आणि मागच्या वेळी ती पाळलेली पाहिलेली माणसं आता फारशी उरलेली नाहीत. कुणी घातली, कशासाठी घातली, हे विचारायचं लोकांनी कधीच सोडून दिलं होतं. व्हर्नीसनं कापड पेटीतून काढलं, खुर्चीवर चढवलं, मागच्या बाजूला त्याच्या नाड्या बांधल्या. बांधताना तिला वाटलं, खुर्ची गार नाही. आत इतकी माणसं कोंबलेली, ऊब आली असेल, असं म्हणून तिनं हात काढून घेतला.

दफन झाल्यावर तळघरात जेवणं होती. तुम्ही आला होतात; रिकाम्या जागेच्या निवडणुकीची तारीख काढणं तुमच्याच हातात होतं. तळलेल्या कोंबडीची तंगडी हातात धरून तुम्ही भिंतीवरच्या फोटोंखाली उभे होतात आणि ओटिली ग्रिग्ज तुम्हाला वाढत होती. ओटिली ही व्हर्नीसची मैत्रीण, तिच्याच पथकातली; चर्चमध्ये गप्प राहायचं काम मिळालंय याचा सूड ती तळघरात उगवते.

"हे सगळे कोण?" तुम्ही विचारलंत.

"नवव्याचे प्रतिनिधी, साहेब. पहिल्यापासूनचे."

"आणि हरलेले?"

"हरलेले?" ओटिली हसली. "नवव्यात कुणी हरत नाही. नवव्याचा माणूस जिंकतो, जिंकतो, आणि मग मरतो. घ्या, अजून एक तंगडी घ्या. तुम्ही काही नवव्यातले नाही, तुम्हाला भीती नाही."

खोटं नव्हतं ते. पहिला फोटो मल्वेनीचा. आयरिश, दारूच्या भट्टीवाल्याचा पोरगा, गालावर कल्ले. तेव्हा टॅनरी हिलवर सगळे आयरिश आणि चामड्याच्या कारखान्यांची घाण. मल्वेनी भाषण करता करता कोसळला, आणि बर्फ वितळायच्या आत निवडणूक होऊन त्याची बायको त्याच्या जागी गेली. मग वोइचिक, पोलिश, पोलाद कारखान्याच्या युनियनचा. तो आगगाडीत झोपला तो उठलाच नाही. त्याची जागासुद्धा एवढ्या लवकर भरली की त्याच्या कोटाच्या खिशातली मिठाई अजून वाळली नव्हती, असं म्हणतात. मग गोरी माणसं उपनगरांत गेली, आणि राजधानीत कुणीतरी नकाशा पसरून शहरातल्या आमच्या सगळ्या वस्त्या वेचून वेचून एकाच रेघेच्या आत कोंबल्या. सगळी काळी माणसं एका पोत्यात घातली की बाकीची पोती गोरी राहतात. हिशेब सरळ होता. त्या पोत्यातून जोसाया लीवेल निवडून आला, नवव्याचा पहिला काळा प्रतिनिधी. त्यांनी आम्हाला कोंबलं, आणि आम्ही त्या कोंबण्यातूनच एक माणूस वर काढला. लीवेल इस्पितळात वारला. त्याच्यानंतर क्रेनशॉ. दर दहा वर्षांनी नकाशा नव्यानं आखला जाई, नवव्याचा आकार धुतलेल्या लोकरीसारखा आकसत, वाकडा होत जाई. पण माणूस तोच राही, मरेपर्यंत.

त्या फोटोंखाली, त्याच तळघरात, दर निवडणुकीला मतदान होतं. मत देताना ते सगळे मागून बघत असतात. लहानपणी आईबरोबर यायची तेव्हापासून व्हर्नीसला याची सवय होती. तरी दर वेळी मानेवरचे केस उभे राहात.

रेव्हरंड बीमन तुमच्याजवळ आले. चर्चचे पाद्री, भला माणूस, भलेपणाचाच रोग असलेला. "गव्हर्नरसाहेब, निवडणुकीची तारीख काढायची घाई करू नका. थॅडला जाऊन चार दिवस झाले नाहीत आणि पत्रकार विचारायला लागलेत, आता कोण म्हणून. लोकांना जरा रडू द्या."

व्हर्नीस कॉफीचा ट्रे घेऊन बाजूनं चालली होती. ती थांबली. त्या दिवशी तिचं मन भरून आलेलं होतं. ती म्हणाली, "आमचं काळं उतरेपर्यंत थांबा साहेब. एवढंच."

एवढंच. तिला म्हणायचं होतं, थोडे दिवस. कुणाच्याही घरी माणूस गेल्यावर शेजारी थांबतो तसं.

तुम्ही ट्रे तिच्या हातातून काढून टेबलावर ठेवलात, तिचे हातमोज्यांतले दोन्ही हात आपल्या हातांत घेतलेत, आणि म्हणालात, "शब्द देतो, मॅडम."

ओटिली नंतर म्हणाली, "बघितलंस? चिकन खाल्लेले हात. तुझे मोजे तेलकट करून गेला मेला."

*

फेब्रुवारी गेला. मार्च गेला. चर्चसमोरच्या झाडांना पालवी आली आणि खुर्ची काळीच राहिली.

ड्युकेन अव्हेन्यूवर क्रेनशॉचं कार्यालय होतं, ते चालूच होतं. त्याचं नाव काचेवरून खरवडून काढलेलं, पण डिंकाचे डाग राहिलेले. सकाळी ऊन तिरपं आलं की नाव आपोआप वाचता येई. आतली माणसं तीच. फोन वाजला की तिथली ट्रायना नावाची मुलगी म्हणे, "नववा मतदारसंघ." पुढे कुणाचं नाव नाही.

व्हर्नीस तिथे एका कामाला गेली होती. टेकडीवरचं सैनिकी इस्पितळ. त्याचे वरचे दोन मजले, जिथे बरी न होणारी माणसं वर्षानुवर्षं राहतात, ते बंद करायचं वॉशिंग्टनमध्ये घाटत होतं. क्रेनशॉनं ते थांबवायला एक कलम लिहून ठेवलं होतं. वरून दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर, तिचा भाऊ लिंडेल होता. व्हिएतनामहून दोन्ही पायांवर आला होता, नंतर साखरेच्या आजारानं दोन्ही पाय नेले, आता मूत्रपिंडं चालली होती. व्हर्नीस रोज दुपारी डबा घेऊन टेकडी चढायची. तिला दुसरं कुणी नव्हतं, त्यालाही नव्हतं.

"त्या कलमाचं काय झालं, बाळा?"

"उन्हाळ्यात मतदानाला येईल, मॅडम. दुसऱ्या राज्यातल्या एकानं उचलून धरलंय."

"आणि आपलं मत?"

ट्रायनानं खाली बघितलं. "आम्हाला मत नाही, मॅडम. मतही नाही आणि मतं मांडायची परवानगीही नाही. तुमच्या पेन्शनचं, पासपोर्टचं काही असेल तर मी करून देते."

"मग तुम्ही इथे कुणासाठी बसता?"

"मलाही रोज हाच प्रश्न पडतो," ती मुलगी म्हणाली. तिनं मागच्या बंद दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आतल्या खोलीत कुणी नसतं ना, मॅडम. तरी मी जेवायला जाताना सांगून जाते."

*

"शुक्रवारी थॅड आला होता," लिंडेल म्हणाला.

व्हर्नीस डब्यातून पालेभाजी आणि मक्याची पोळी काढत होती. तिचा हात थांबला. क्रेनशॉ जिवंतपणी शुक्रवारी यायचा हे खरं होतं. बटर पिकान आइस्क्रीमचा डबा घेऊन, खाटेखाटेवर बसून.

"लिंडेल, थॅड गेला. तुला मी सांगितलं होतं."

"मला काय सांगतेस? मला माहीत नाही का? तो मेलेलाच होता." लिंडेल चिडला. "आइस्क्रीम नव्हतं. हात रिकामे. इथे उभा राहिला, ओव्हरकोट घालून. म्हणाला, लिंडेल, मला आत घेत नाहीयेत. मी माझं कार्ड घालतो त्या फटीत, आणि दिवाच लागत नाही."

"कसलं कार्ड?"

"मत द्यायचं कार्ड! तिथे कार्ड घालून बटण दाबतात. एवढं माहीत नाही तुला, आणि म्हणे चर्चच्या दारात उभी राहते." पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "मलापण दिसला. माझ्याकडे बघून ओळख नाही दिली. आधी कधी असं करायचा नाही."

व्हर्नीसनं लिंडेलला घास भरवला. बाहेर नर्सला विचारलं, औषधं बदललीत का. नर्स म्हणाली, "नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी दोन्ही मजले गप्प असतात, टीव्हीसुद्धा कुणी लावत नाही. मला नाही आवडत इथली शुक्रवारची ड्युटी."

घरी आल्यावर व्हर्नीसनं तुमच्या कार्यालयाला फोन लावला. बराच वेळ संगीत वाजलं. मग एक गोड आवाज. तिनं विचारलं, नवव्याची निवडणूक कधी.

"गव्हर्नरसाहेबांनी तुमच्या समाजाला शब्द दिलाय, मॅडम. दुखवटा संपेपर्यंत थांबायचा. माउंट नीबो चर्च, बरोबर? खुर्चीवरचं काळं अजून आहे ना?"

"आहे. पण ते..."

"मग आम्ही तुमच्या भावनांचा आदर करतोय, मॅडम."

"ते नवा माणूस शपथ घेईल तेव्हाच उतरतं!" व्हर्नीस ओरडली. "निवडणूक झाल्याशिवाय ते उतरणार कसं?"

"तो तुमच्या चर्चचा अंतर्गत प्रश्न झाला," गोड आवाज म्हणाला.

फोन ठेवल्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली. कापड उतरल्याशिवाय निवडणूक नाही. निवडणुकीशिवाय कापड उतरायचं नाही. आणि ही गाठ तिनं स्वतःच्या तोंडानं मारून तुमच्या हातात दिली होती. तुम्हाला फक्त ती धरून ठेवायची होती. हसत.

ओटिलीला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "मला वाटलंच होतं. एवढ्या प्रेमानं हात धरणारा पुरुष एक तर काहीतरी विकतो, नाही तर काहीतरी घेऊन जातो."

*

मे महिन्यात लिंडेलच्या अंगात थोडी धुगधुगी होती तेव्हा व्हर्नीसनं त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "ते कापड आपल्या आईनं शिवलंय, माहीत आहे ना?"

"आईनं?"

"तू अगदी लहान होतीस. लीवेल गेला तेव्हा. मी नुकता व्हिएतनामहून आलो होतो, तिच्यासाठी सुईत दोरा ओवत होतो." तो खिडकीबाहेर बघत बोलत होता. "मल्वेनी गेला, लगेच निवडणूक. वोइचिक गेला, लगेच निवडणूक. लीवेल गेला आणि राजधानीतून कुणाचं पत्रच नाही. उन्हाळा गेला, बर्फ पडला. वर्तमानपत्रात आलं, नववी जागा रिक्त. आईला तो शब्द सहन झाला नाही. रिक्त! म्हणाली, आमचा माणूस मेला तर जागा रिक्त, त्यांचा मेला तर काय, देश पोरका? तिनं मावशीच्या पडद्याचं कापड उसवलं आणि हे शिवलं. दर रविवारी लोक ते बघायचे आणि त्यांचं रक्त उसळायचं. म्हणायची, हे मेलेल्यासाठी नाही रे, जिवंत चोरांसाठी आहे."

"मग तू मला हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस? तुम्ही लोकांनी त्याला इस्त्री करून पेटीत ठेवलंत. डांबराच्या गोळ्या घालून."

व्हर्नीसनं डब्याचं झाकण लावलं. म्हणजे तो दुखवटा नव्हताच. तो आरोप होता, आणि माउंट नीबोनं त्याला नम्रपणाच्या घड्या घातल्या होत्या. मल्वेनीच्या आणि वोइचिकच्या फोटोंखाली तुम्ही जेवत असताना तो आरोप तिनं नेऊन तुमच्याच पायाशी ठेवला होता, भेट म्हणून.

"व्हर्न," लिंडेल म्हणाला, "मला इथून हलवतील का ग?"

"कुणी हलवत नाही तुला."

"इथून आईचं घर दिसतं."

खरंच दिसत होतं, छपराचा एक कोपरा. घरात आता दुसरेच लोक राहात होते.

*

पुढच्या रविवारी, गायन चालू असताना, व्हर्नीस पेटवे दारातली आपली जागा सोडून चालत तिसऱ्या रांगेपाशी गेली. पथकातली बाई प्रार्थनेच्या मध्ये अशी चालत नाही. गाणं विस्कटायला लागलं. तिनं खुर्चीमागे वाकून नाड्या सोडल्या. डीकन टब्स, चर्चच्या कारभाऱ्यांतला सगळ्यात जुना, उठून उभा राहिला. "सिस्टर पेटवे! शपथ झालेली नाही! काय करताय?"

तिनं दोन्ही हातांनी कापड ओढलं.

खुर्चीवरची गादी मध्यभागी दबलेली होती. कुणी नुकतंच उठून गेल्यावर जशी दबलेली राहते तशी. समोरच्या तीन रांगांतल्या सगळ्यांनी ती पाहिली. मग ती हळूहळू, कापसाचा श्वास परत आल्यासारखी, वर आली. गाणं थांबलं होतं. ओटिली पुटपुटली, "येशू, येशू, येशू," आणि विनोद म्हणून नाही.

डीकन टब्स खाली बसला.

दुसऱ्या दिवशी व्हर्नीस आणि ओटिली बसनं राजधानीला गेल्या. व्हर्नीसनं कापड तुमच्या कार्यालयाच्या पुढच्या टेबलावर ठेवलं. "काळं उतरलं. तारीख द्या."

टेबलामागचा तरुण म्हणाला, "इथे भेटवस्तू स्वीकारता येत नाहीत, मॅडम."

"ही भेटवस्तू नाही रे, बाबा," ओटिली म्हणाली. "तुझ्या साहेबाचा हुकूम पाळून आणलंय. नको असेल तर त्याला सांग, तुझं निमित्त परत आलंय, ठेवायला जागा कर."

तारीख मिळाली. त्यासाठी तुमचे आभार मानायला हवेत का? नोव्हेंबरची दिलीत. बाकी सगळ्या निवडणुकांच्याच दिवशी. निवडून येईल तो माणूस नाताळाच्या सुट्ट्या धरून जेमतेम काही आठवडे वॉशिंग्टनला जाईल आणि मुदत संपेल. खर्च वाचतो, असं तुम्ही पत्रकारांना सांगितलंत. आणि शेजारच्या मतदारसंघातला तुमच्या पक्षाचा माणूस त्याच वसंतात राजीनामा देऊन गेला होता, त्याची निवडणूक तुम्ही उन्हाळ्याच्या आतच उरकून टाकलीत. तेव्हा खर्च दिसला नाही.

*

जुलैत कलम मतदानाला आलं. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत टीव्ही लावला होता. ज्यांना हलता येत होतं ते चाकांच्या खुर्च्यांत, बाकीच्यांच्या खाटा ढकलत आणलेल्या. व्हर्नीस लिंडेलच्या मागे उभी, त्याच्या खांद्यावर हात. नर्सही थांबल्या होत्या.

पडद्यावर दोन आकडे होते. वर चढत होते, एकदा हा पुढे, एकदा तो. माणसं बाकांच्या पाठीवरच्या फटीत कार्ड घालत होती, पाठ फिरवून निघून जात होती. मग आकडे सावकाश झाले. मग थांबले.

सारखेच होते.

"म्हणजे काय?" कुणीतरी विचारलं. "बरोबरीत सुटलं? परत घेणार?"

"नाही," लिंडेल म्हणाला. त्याचा आवाज फार शांत होता. "बरोबरी म्हणजे हरलं. पुढे जायला एक जास्त लागतं."

एक.  सभापतीनं हातोडा आपटला. थॅडियस क्रेनशॉनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं कलम थॅडियस क्रेनशॉच्याच एका मताअभावी पडलं होतं.

पलीकडच्या म्हाताऱ्यानं दाराकडे बघून हात वर केला, कुणी ओळखीचं आल्यावर करतात तसा. व्हर्नीसनं वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. पण दार, जे आपोआप मिटतं, ते मिटत नव्हतं. कुणी खांद्यानं धरून ठेवावं तसं अर्धवट उघडं होतं. शुक्रवार नव्हता तो.

"आत ये ना रे, थॅड," लिंडेल म्हणाला. "तुझी चूक नाही."

सप्टेंबरात गाड्या आल्या. लिंडेलला राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं, मक्याच्या शेतांमध्ये उभ्या असलेल्या एका चपट्या इमारतीत. व्हर्नीसच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तिनं गाडी चालवणं सोडलेलं; बस तिकडे जात नाही. फोनवर तो पहिल्या आठवड्यात बोलला, दुसऱ्यात बोलला. तिसऱ्यात म्हणाला, "इथे शुक्रवारी कुणी येत नाही, व्हर्न. कुणीच नाही. मेलेलंसुद्धा नाही." मग तो बोलेनासा झाला. नर्स फोन त्याच्या कानाला धरते, आणि व्हर्नीस त्याचा श्वास ऐकते. एवढंच उरलंय. तिचा प्रश्न आता मजले उघडायचा नव्हता, त्यांना तर केव्हाच कुलूप लागलं होतं. कुणामुळे झालं हे कुणी तोंडानं कबूल करावं, लिंडेलचा श्वास चालू आहे तोवर, त्याला ऐकवता येईल असं. तिला तेवढंच हवं होतं.

*

निवडणुकीच्या आधीच्या रविवारी तुम्ही माउंट नीबोत आलात. निवडणुकीच्या आधीच्या रविवारी सगळेच येतात. रेव्हरंड बीमननी तुम्हाला व्यासपीठावर बसवलं. तिसऱ्या रांगेतली उघडी खुर्ची रिकामी होती; लोक गच्च भरले होते, भिंतीला टेकून उभे होते, पण तिच्या आजूबाजूला हातभर जागा कुणी सोडली होती असं नाही, ती सुटलीच होती.

तुम्ही उठलात. टाळ्यांची वाट पाहिलीत. "या चर्चमध्ये मी एक शब्द दिला होता," तुम्ही म्हणालात. "आणि मला अभिमान आहे, की तुमच्या दुःखाचा मान राखून मी तो पाळला."

"साहेब."

दारातून आवाज आला. सगळ्या माना वळल्या. माउंट नीबोत त्या दारातून प्रार्थनेच्या वेळी आवाज कधीच आला नव्हता. व्हर्नीस पेटवे पांढऱ्या पोशाखात मधल्या वाटेनं पुढे येत होती.

"सिस्टर," रेव्हरंड बीमन हळूच म्हणाले, "नंतर बोलू आपण. तळघरात."

"तळघरात एकदा बोलले मी, रेव्हरंड. त्याचं काय झालं बघितलंत ना." ती थांबली नाही. "साहेब, मी पेटवे. हात धरले होतेत तुम्ही माझे."

"अर्थात! अर्थात, मिसेस पेटवे. तुमच्या भावाबद्दल कळलं मला. फार वाईट वाटलं."

"वाईट वाटलं का, असं मी विचारलंच नाही." मागून ओटिलीचा आवाज आला, "बोल व्हर्न," आणि दुसऱ्या कोपऱ्यातून कुणीतरी, "बोला, बोला."

"तुम्ही थांबलात. मी थांबा म्हटलं म्हणून थांबलात. ठीक. मेमध्ये मी येऊन सांगितलं, आता थांबू नका. तेव्हा का थांबलात? मी थांबा म्हटलेलं तुम्हाला ऐकू येतं आणि थांबू नका म्हटलेलं येत नाही?"

"हे बघा, यात कायद्याच्या काही..."

"मी कायदा नाही विचारत. मी बस चालवायची, साहेब. एक पोर कमी असलं तर बस हलायची नाही. मी मागे वळून मोजायची, आणि एक कमी असलं तर विचारायची, कोण राहिलं, कुणी ठेवलं. जुलैमध्ये वॉशिंग्टनला एक कमी होतं. एकच. ते आमचं होतं. नवव्यातल्या एवढ्या माणसांचं एक. ते नव्हतं म्हणून माझा भाऊ आज शेतांमध्ये पडलाय, आणि त्याच्यासारखे दोन मजले भरून."

तुम्ही रेव्हरंडकडे पाहिलंत. रेव्हरंड बीमननी, त्या भल्या माणसानं, आयुष्यात पहिल्यांदा मदत केली नाही. ते आपल्या बुटांकडे बघत राहिले. तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत. तुमचा माणूस बाजूच्या दारातून पुढे यायला लागला, तशा पांढऱ्या पोशाखातल्या दोन बायका, एक शब्द न बोलता, त्याच्या आडव्या आल्या आणि हाताच्या खुणेनं त्याला बाक दाखवला. तो बसला.

व्हर्नीसनं पिशवीतून फोन काढून वर धरला. "हा चालू आहे. तिकडे नर्सनं माझ्या भावाच्या कानाशी धरलाय. तो बोलत नाही, पण ऐकतो. त्याला तुमची सहानुभूती नकोय, माझीही नकोय. त्याला एवढंच सांगा. आमच्याशिवाय चालेल, असं कुणी ठरवलं? एका माणसाचं नाव घ्या. तुमचं असेल तर तुमचं घ्या. बोला साहेब, तो ऐकतोय. कुणी ठरवलं?"